राणीसावरगावच्या उतारावरचा कोरडा ब्रेक

या सदरात लोक काय काय लिहितात ते माझी नातसून मला वाचून दाखवते. चिंचेवर कोण बसलं होतं, विहिरीतून कुणी हाक मारली, रिकाम्या घरात पाटा-वरवंट्याचा आवाज... ती वाचते आणि मी हसतो. मी जन्मभर मोटार मेकॅनिक. गाडी चालू होत नसेल तर तिला कारण असतं. करंट नसतो, पेट्रोल नसतं, नाहीतर मालकाला अक्कल नसते. चौथं कारण मी कधी मानलं नाही आणि आजही मानत नाही.

परवा नातसून म्हणाली, आजोबा, तुम्ही इतकं हसता, मग तुम्हाला नव्वद वर्षांत एकदाही काही वेगळं दिसलं नाही? मी नाही म्हणणार होतो. तोंडातून निघेना. दिसलं असं काहीच नव्हतं — पण पायाला लागलं होतं. आता ते सांगितलंच पाहिजे म्हणून ती माझ्यासमोर बसून टाइप करतेय. मी जसं झालं तसं सांगतो. तुमच्यात कुणी इंजिनिअर असेल तर त्यानं मला खुशाल वेड्यात काढावं, पण काढताना कारण सांगावं.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढचा उन्हाळा. गंगाखेडला मोटार स्टँडाकडून स्टेशनला जाणाऱ्या रस्त्यावर एका लिंबाखाली माझी पत्र्याची शेड होती. हैदराबादेत उस्तादाकडं सहा वर्षं हातपाय काळे करून मी गावी परत आलो होतो. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. बायको सरू पहिल्या बाळंतपणाला माहेरी, राणीसावरगावला गेली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. मी दिवस मोजत होतो आणि मोजत नसल्याचं दाखवत होतो.

त्या वेळी माझ्या शेडमध्ये डॉक्टरीणबाईंची गाडी उभी होती. बाई पुण्याकडच्या, नुकत्याच गंगाखेडला दवाखान्यात आलेल्या. गाडी मात्र आमच्याच भागातली — पोलीस ॲक्शननंतर एका जहागीरदाराच्या घरातून विकायला निघालेली, लढाईच्या आधीची, काळी, लांब बॉनेटची विलायती मोटार. बाई ती स्वतः चालवायच्या. सुरुवातीला बायामाणसं दारात येऊन बघायची, आणि पोरं मागं पळायची. गाडी दिसायला राणी, पण ब्रेक सळयांचे. पायडल दाबलं की सळ्या ओढल्या जायच्या आणि चारातलं कुठलं तरी एक चाक धरायचं. बाकीच्या तिघांना पत्ताच नसायचा. एकदा गाडी बाजारात सरळ कुंभाराच्या मडक्यांत घुसली. दुसऱ्या दिवशी बाई शेडवर आल्या आणि म्हणाल्या, मिस्त्री, एक तर हिचे ब्रेक करा, नाहीतर मला टांगा घेऊन द्या.

मी म्हटलं, ऑइल ब्रेक बसवतो. तेव्हा तालुक्यात कुणी असं केलं नव्हतं. हैदराबादला जाऊन मी लष्करी लिलावातल्या एका मोडक्या गाडीचा अख्खा सेट आणला. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, तांब्याच्या नळ्या. तो त्या जुन्या गाडीला बसवायला तीन आठवडे गेले. सळ्या सगळ्या काढून टाकल्या. हँडब्रेकही त्या सळ्यांवरच होता, तोही गेला. त्याचं नंतर बघू म्हटलं. माझ्यात हा दोष पहिल्यापासून आहे. मोठं काम झालं की बारीकसारीक नंतर बघू.

शेवटी राहिलं फक्त हवा काढायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण पुढचं सगळं यावर आहे. ऑइल ब्रेकमध्ये तुमच्या पायाचा जोर तेल नेऊन चाकाला देतं. तेल दाबलं तरी दबत नाही. हवा दबते. नळीत हवा राहिली तर पाय सायकलच्या ट्यूबवर ठेवल्यासारखा नुसता खाली जातो, चाकाला काही पोचत नाही. म्हणून नवा सेट बसवला की एकानं वर बसून पायडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाशी आडवं पडून तिथला बारका निपल सैल करायचा, की तेलाबरोबर बुडबुडे बाहेर. निपल बंद केल्यावरच वरच्यानं पाय उचलायचा. मधेच उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि केलेलं सगळं पाण्यात. असं चारही चाकांना, बुडबुडे थांबेपर्यंत. आणि हे चाललेलं असताना मास्टर सिलिंडरच्या डब्यात तेल ओतत राहायचं. डबा कोरडा पडला की खेळ खलास.

आता तेल. तयार ब्रेक ऑइल तेव्हा गंगाखेडात कुठलं मिळायला? उस्तादानं शिकवलेली युक्ती होती. एरंडेल आणि स्पिरिट, ठरलेल्या मापानं. एरंडेल आमच्या मायनं तेल्याच्या घाण्यावरून स्वतः उभं राहून काढून आणलं होतं. स्पिरिट बाईंनी दवाखान्यातून दिलं. चाकातून निघालेलं तेल फेकायचं नसतं, पण त्यात फेस असतो म्हणून लगेच वापरताही येत नाही. बाटलीत भरून तासभर निवळू द्यायचं. ती बाटली मी शेडच्या फळीवर ठेवायचो.

त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला मी जेवायला उठणार तोच माझा मेव्हणा नामदेव सायकल टाकून शेडमध्ये आला. वीस-बावीस वर्षांचा, पैलवान गडी, पण चेहरा पार उतरलेला. पहाटे राणीसावरगावहून निघाला होता, वाटेत दोनदा पंक्चर झालं म्हणून इतका उशीर.

"दाजी, अक्का अडलीय," तो म्हणाला. "काल सांजच्यापासून कळा यायल्यात. सुईण म्हणायलीय मूल आडवं हाय, माझ्या हातचं न्हाई. डाक्टरीण आणा, न्हाईतर..."

मी तसाच दवाखान्यात पळालो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं — गाडी कधी होईल? सकाळची प्रवासी मोटार कधीच गेली होती. बैलगाडीनं पोचायला अंधार झाला असता. मी म्हणालो, एक तास. बाई बॅग घेऊन माझ्याबरोबरच शेडवर आल्या.

नामदेवला मी वर बसवलं. त्याला समजावून सांगितलं, मी सांगेपर्यंत पाय उचलायचा नाही. पण पोरगं हादरलेलं. दोनदा त्यानं मधेच पाय उचलला आणि दोन्ही वेळा हवा आत गेली. मी खालून शिव्या दिल्या — डॉक्टरीणबाई समोर आहेत याचंही भान राहिलं नाही. तशा बाई म्हणाल्या, उठा तुम्ही, आणि पदर खोचून स्वतः सीटवर बसल्या. मग मात्र काम सरळ चाललं. मी खालून म्हणायचो "दाबा", त्या म्हणायच्या "दाबलंय", आणि मी "सोडा" म्हणेपर्यंत त्यांचा पाय दगडासारखा. असला पाय मला पुढं कुठल्या हेल्परचा मिळाला नाही.

मागची दोन्ही झाली. पुढचं डावं झालं. शेवटचं पुढचं उजवं चाललं होतं तेव्हा माय आली. मी दवाखान्यात गेलो होतो तेवढ्यात नामदेवनं घरी निरोप दिला होता. बाळंतिणीचं गाठोडं बांधून आली होती, त्यात जुनी लुगडी, बाळंतशेपा, डिंक, काय काय. मी चाकाखाली. ती माझ्या डोक्याशी उभी राहून म्हणाली, "ही बी ह्यातच ठिवू का रं?"

मी म्हणालो, "ठेव."

काय ठेवू, ते मी पाहिलंच नाही. माझं लक्ष बुडबुड्यांवर. ते थांबले तसा निपल मी हातानं बंद केला, पान्यानं आवळायला पाना शोधू लागलो, आणि बाईंनी विचारलं, झालं का? मी म्हटलं, झालं. उठलो. फळीकडं पाहिलं, बाटली जागेवर नव्हती. तिच्या बुडाचा तेलकट गोल डाग तेवढा फळीवर होता. मला वाटलं, त्यातलं तेल मी डब्यात ओतलं. खरंच तसं वाटलं. घाईत माणूस आपला हात काय करतो ते विसरतो, आणि बाटली रिकामी करून मी कुठं तरी भिरकावली असेल, असं मी धरून चाललो. गाडीतली पायाखालची फळी बसवली, पायडल एकदा दाबून पाहिलं. टणक. निघालो.

मी चालवत होतो, बाई शेजारी, नामदेव मागं गाठोडं मांडीवर घेऊन. गंगाखेड सोडलं की पुढं सपाटी संपते. मुरमाड रस्ता, दोन्हीकडं उघडे माळ, चढ आणि उतार. मधे एका वस्तीजवळ शेळ्या आडव्या आल्या. ब्रेक लागला, पण पायडल जरा मऊ वाटलं. मी दोनदा पंप मारला, ठीक झालं. म्हटलं राहिली असेल थोडी हवा. नामदेव मागून सारखा म्हणत होता, दाजी जरा जोरात घ्या. आणि मी घेत होतो.

राणीसावरगावच्या अलीकडं एक मोठा उतार आहे. आता रस्ता फोडून रुंद केलाय, तेव्हा एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला ओढा. खाली वळण, आणि वळणावर ओढ्यावरची अरुंद फरशी, म्हणजे बुटका पूल. माथ्यावर आलो तेव्हा खाली कडब्यानं भरलेली एक बैलगाडी त्या फरशीकडं उतरत होती. कडब्यावर एक म्हातारी बसलेली. मी ब्रेक दाबला.

पाय थेट तळाला गेला.

मऊ नाही, काहीच नाही. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी तसं. पुन्हा दाबला — पुन्हा तळाला. गिअर खाली घ्यायला गेलो, पण त्या गाडीचा दुसरा गिअर आपोआप उडून न्यूट्रलला यायचा, तो उडाला आणि गाडी नुसतीच पळायला लागली. हँडब्रेक नव्हता, हे हात तिथं गेल्यावर आठवलं. मला फक्त त्या म्हातारीची पाठ दिसत होती. मी तिसऱ्यांदा पाय मारला.

आणि पायडल दगड झालं.

वरच्या वरच. अर्धं बोटसुद्धा खाली गेलं नाही. गाडी धरली गेली. आचका नाही, इकडं ओढ नाही, तिकडं ओढ नाही, चारही चाकं सारखी. असा ब्रेक मी आयुष्यात पुन्हा लावला नाही. बैलगाडीच्या मागं माणसाच्या चालीनं आम्ही तो अख्खा उतार उतरलो. आणि एक गोष्ट सांगतो, जी मी त्या वेळीही कुणाला सांगितली नाही. मधे एकदा गाडी फार हळू झाली म्हणून मी पाय हलका केला. पूर्ण उचलला म्हणा ना. पायडल वर आलं नाही. माझा पाय वर, आणि पायडल तिथंच, दाबलेलं. मी परत पाय टेकवला तो केवळ भीतीनं, दाबायला नव्हे.

फरशी ओलांडून गाडी सपाटीला लागली, तेव्हा ते माझ्या तळव्याखाली हळूच वर आलं. मी गाडी थांबू दिली. बाईंनी घड्याळ पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. म्हणाल्या, काय झालं, थांबलात का? त्यांना काही कळलं नव्हतं. मी म्हटलं इंजिन तापलंय. ते खोटंही नव्हतं, रेडिएटर उकळत होता. ओढ्याचं पाणी घातलं आणि पुढचा रस्ता पहिल्या गिअरमध्ये, जीव मुठीत धरून काढला. तासभर लागला. वाटेत ब्रेक चाचपून पाहिला तेव्हा पायडल पुन्हा पोकळ. गावात इंजिन बंद करून एका उकिरड्याच्या चढाला गाडी टेकवली.

बाई सरळ आत गेल्या. दार लागलं. मी बाहेर ओट्यावर. सरूचा आवाज येत होता, मग येईनासा झाला, आणि न येणं जास्त वाईट होतं. अशा वेळी पुरुषाला काही काम नसतं. थोड्या वेळानं सासूबाई गाठोडं सोडून बाहेर आल्या, हातात एक बाटली. त्यांनी विचारलं, जावईबापू, ह्या एरंडेलाला असला वास कसा यायलाय?

मी बाटली ओळखली. माझ्या फळीवरची. बाळंतिणीच्या खोलीत एरंडेल लागतंच, म्हणून मायनं ती गाठोड्यात घातली होती. आपणच घाण्यावरून आणलेलं तेल तिला परकं वाटायचं कारण नव्हतं. आणि विचारून घातली होती. ठेव, असं मीच म्हणालो होतो.

बाटली त्यांच्या हातून काढून घेतली आणि गाडीकडं पळालो. पायाखालची फळी उचलली. मास्टर सिलिंडरचा डबा कोरडा. बोट घातलं तर बोटाला नुसता ओशटपणा. पुढच्या उजव्या चाकाशी पडून पाहिलं. निपल पार सुटून आला होता, दोन आट्यांवर लटकत होता. चाकाच्या आतल्या बाजूला तेल सांडून त्यावर मुरमाची धूळ बसून पापडी झालेली. पायडल हातानं दाबलं. पोकळ, थेट तळाला गेलं.

एका चाकाला भोक असेल तर त्या सेटमध्ये चारही चाकं मेलेली असतात. मग उतारावर काय लागलं होतं?

तेवढ्यात बाईंनी आतून हाक मारली. सरू वाचली होती. मुलगी होती, ती गेली होती. पोटातच. बाई हात पुसत बाहेर आल्या, फार थकलेल्या दिसल्या. मी विचारलं, लवकर पोचलो असतो तर? त्यांनी खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, तिला जाऊन फार वेळ झालेला नाही मिस्त्री, तास, फार तर दीड तास. पण आणखी उशीर झाला असता तर हीपण गेली असती.

मला मुलीचं तोंड दाखवलं. नाक सरूचं होतं. संध्याकाळच्या उन्हात नामदेव आणि मी तिला शेताच्या बांधाला ठेवून आलो. मी रडलो नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटते. डोक्यात तो कोरडा डबा फिरत होता.

सरूला रक्त फार गेलं होतं म्हणून बाई त्या रात्री तिथंच थांबल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाटलीतलं तेल घालून, निपल पान्यानं आवळून, नामदेवला वर बसवून हवा काढली. या वेळी त्यानं एकदाही पाय मधे उचलला नाही. दुपारी सासूबाईंनी मला दाराशी बोलावलं. सरूला माझ्याशी बोलायचं होतं. ती भिंतीकडं तोंड करून निजली होती. मला वाटलं रडेल, किंवा रागावेल. तिनं उजव्या कुशीवर हात ठेवला आणि म्हणाली,

"हितं तिनं पाय रोवला व्हता. मला वाटलं कूस फाटती का काय. असा जोर तिनं कवाच केला न्हवता. पाय दाबला आन् दाबूनच धरला, लय येळ. मंग हळूच सोडला. त्याच्यानंतर न्हाई हालली."

मी विचारलं, कधी? का विचारलं कुणास ठाऊक. ती म्हणाली, दाराच्या फटीतून आंगणातलं उखळ दिसायलं व्हतं, त्याला ऊन लागलं व्हतं, मी तिकडंच बघायले व्हते.

मी बाहेर आलो. निघायचं होतं, बाईंची दवाखान्यात वाट पाहत असतील. मी गाडीत खोटंच काहीतरी काढलं आणि उखळावर नजर ठेवून बसलो. ऊन उखळाच्या कडेला टेकलं तसं बाईंना वेळ विचारली. त्यांनी सांगितलं, तीन वाजून पाच.

आता मी काही तुमच्यापुढं पाच मिनिटांचा हिशोब मांडत नाही. कळा देणाऱ्या बाईनं उन्हाकडं बघून सांगितलेली वेळ ती. ऊन बोटभर इकडंतिकडं असेल. योगायोग असेल. मी स्वतःला हेच सांगत गाडी चालवली. पण त्या उताराच्या माथ्यावर मी गाडी थांबवलीच. खाली उतरून रस्ता पाहिला. मुरमावर तेलाचे काळे ठिपके दिसत होते, काल पडलेले. गंगाखेडच्या बाजूनं येत होते, दाट, मग विरळ, आणि माथ्याच्या शे-दीडशे पावलं आधीच संपत होते. उतारावर एक ठिपका नव्हता. म्हणजे उतार लागायच्या आधीच तेल संपलं होतं.

पुढं मी काय काय केलं ते थोडक्यात सांगतो. शेडमध्ये त्याच गाडीचं सगळं तेल काढलं, निपल सैल सोडला आणि पायडल दाबत बसलो. सकाळपासून दुपारपर्यंत. एकदाही लागलं नाही. उन्हानं नळीतली हवा फुगली असेल म्हणून नळ्या तापवल्या. नाही. स्पिरिटनं रबर फुगून अडकलं असेल म्हणून चारही सिलिंडर उघडले. रबर जसंच्या तसं. आणि अडकलं असतं तर आपोआप सुटलं कसं? शेवटी हैदराबादला गेलो तेव्हा उस्तादाला विचारलं. सरूचं काही सांगितलं नाही, फक्त ब्रेकचं सांगितलं. त्यानं विडी विझवली आणि म्हणाला, "मियाँ, तेल नहीं तो बिरेक नहीं. तू कुछ भूल रहा है."

असेल. काहीतरी विसरत असेन. मी आजवर तेच शोधतोय. गाड्या बदलल्या, सेट बदलले, हजारो गाड्यांची हवा काढली, आणि दर वेळी पायडल टणक झालं की चारही निपल पान्यानं पुन्हा आवळून पाहिले. लोक म्हणतील देवानं वाचवलं. मग देवानं गाडी धरली आणि पोर सोडलं का? कुणी म्हणेल मुलीनं बापाला वाचवलं. हे तर मला अजिबात ऐकवत नाही. कारण तसं असेल तर तिनं शेवटचा जोर कशावर घालवला — मी एक निपल आवळला नाही, एक बाटली पाहिली नाही, त्यावर? जिला जगायला तो जोर लागला असता तिनं? मी मानत नाही. मानायचं झालं तर मला त्या दिवसानंतर जगता आलं नसतं.

म्हणून सरूला मी ब्रेकचं कधीच सांगितलं नाही. आधी लाज वाटली. बाटलीचं कळलं असतं तर तिनं मायवर राग धरला असता, हेही होतं. मग मुलं झाली, दोन मुलगे, संसार वाढला, आणि सांगायची वेळ निघून गेली. तीही त्या मुलीचं फारसं बोलायची नाही. फक्त कधीमधी, धान्य निवडताना नाहीतर ऊन कलायला लागलं की, उजव्या कुशीवर हात ठेवून विचारायची, तिनं एवढा जोर कशापायी लावला असंल हो? मी म्हणायचो, मला काय ठाऊक. तेही खोटं नव्हतं.

मागच्या वर्षी ती गेली. शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. एका दुपारी मी शेजारी बसलो होतो, तिनं डोळे न उघडता पुन्हा तेच विचारलं. मी सांगणार होतो. या वेळी सांगायचंच, असं ठरवून मी तिचा हात हातात घेतला. आणि माझ्या तोंडून नेहमीचंच निघालं — मला न्हाई ठाऊक.

ती म्हणाली, "तुमाला कसं ठाऊक असणार. तुमी तर वाटंत व्हता."